वाकड्या बोटाचा इतिहास

आमच्या गावच्या जुन्या शाळेचं वय मी एका दुपारी, चहा पिता पिता, पन्नासेक वर्षांनी वाढवून टाकलं. स्वतःचं वय मी लग्न जुळताना जरा कमी सांगितलं होतं, तेव्हा एकूण गोळाबेरीज कुठेतरी जुळलीच असेल, असा विनोद मी नंतर चारचौघांत करून पाहिला. कोणी हसलं नाही. कारण तोवर शाळेला कुलूप लागलं होतं आणि माझ्या मित्राच्या पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं.

शाळा म्हणजे यवतमाळहून नेरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत, गावाच्या तोंडाशी असलेली बैठी लांबलचक इमारत. काळ्या दगडाचं जोतं, पांढरकवड्याकडच्या जंगलातून आणलेले सागाचे खांब, वर कवेलूचं छप्पर, पुढे सलग व्हरांडा. म्हातारी माणसं तिला अजून ‘इंग्रजी शाळा’ म्हणतात. या भागात पाचवीपासून इंग्रजी शिकवणारी ती पहिली शाळा. की दुसरी? शेजारच्या गावालाही तेव्हाच एक शाळा निघाली होती, आणि पहिली कोणती यावरून दोन्ही गावांत सोयरिकी मोडायची वेळ आलेली आहे.

आमच्या हेडमास्तरांचा व्याकरणावर फार जीव. पोरगं विहिरीत पडून ओरडलं तरी मास्तर आधी वाक्यातला कर्ता शोधतील आणि मग दोर, असं गावात म्हणत. आसपासच्या गावांतली पोरं पायी यायची, तांड्यावरची यायची. तांड्यावरची पोरं घरी एक भाषा बोलत, गावात दुसरी आणि वर्गात तिसरी. माझी एकाच भाषेत दमछाक व्हायची. लांबच्या पोरांसाठी मागे वसतिगृह होतं. तिथल्या पोरांना भाजीत मीठ कमी असलं तर तेही इंग्रजीतून सांगावं लागे, म्हणून ती बरेच दिवस अळणी जेवली.

पुढे संस्थेनं डांबरी रस्त्याला लागून नवी इमारत बांधली. शाळा तिकडे गेली आणि जुनी इमारत ग्रामपंचायतीकडे आली. मग तिथे मतदान झालं, लसीकरण झालं, भाव यायची वाट पाहणारा कापूस वर्गावर्गांतून छतापर्यंत बसला आणि मधल्या काळात बकऱ्या शिकून गेल्या. पण त्या इमारतीचं खरं काम एकच, जानोसा. नवरदेवाकडचं वऱ्हाड जिथं उतरतं तो जानोसा. गावात कोणाच्याही पोरीचं लग्न असो, वऱ्हाड शाळेतच उतरायचं.

आणि तिथला रिवाज दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. वऱ्हाड यायच्या आधी नवरीकडच्या पोरी आठवीच्या वर्गातल्या फळ्यावर नवरदेवाची टर उडवणाऱ्या दोन ओळी लिहितात. वऱ्हाडानं सकाळी, चहाच्या आधी, खाली जवाब लिहायचा. जवाब आला नाही तर साऱ्या वऱ्हाडाला चहा बिनसाखरेचा. एका वऱ्हाडाला फार वर्षांपूर्वी काही सुचलं नव्हतं. तो नवरदेव आता नातवंडांचा धनी आहे, पण आमच्या गावात त्याची ओळख अजून ‘बिनसाखरेचे जावई’ अशीच आहे.

आता व्हरांड्यातल्या पायाच्या ठशाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी पाचवीत असताना वावधन सुटलं आणि शाळेचं छप्पर उडालं. गावानं मिळून नवे खांब, नवे वासे बसवले आणि त्याच उन्हाळ्यात व्हरांड्यात सिमेंटही टाकलं. ओल्या सिमेंटवरून कोणी चालायचं नाही, अशी ताकीद होती. मी चाललो नाही. मी फक्त एक पाय ठेवून पाहिला. माझ्या उजव्या पायाचं दुसरं बोट जन्मतःच अंगठ्यावर चढून बसलेलं आहे, त्यामुळे गुन्हेगार शोधायला हेडमास्तरांना फार व्याकरण लागलं नाही. ठसा मात्र राहिला. तो कोणाचा हे ठाऊक असलेली माणसं एकेक करून गेली किंवा पांगली. गावात उरलो मी आणि माझा हा मित्र.

मी यवतमाळच्या एका कचेरीतून रिटायर होऊन गावी परतलो. मित्र गाव सोडून कुठे गेलाच नव्हता. कापूस, तूर, सोयाबीन आणि मला शिव्या, ही चार पिकं तो आलटून पालटून घेतो. त्या दुपारी तो आला तो उभ्यानंच बोलला.

“शाळा पाडून राह्यले.”

“कोण?”

“सरपंचबाई. तिथी दुकानाचे गाळे काढतो म्हणते. येत्या ग्रामसभेत ठराव आहे.”

“काढू दे ना. पानठेला जवळ होईन.”

“अन् माह्या पोरीचा जानोसा? वऱ्हाड काय तुह्या टकलावर उतरवू?”

मग मी चहा ठेवायला सांगितला. प्रकरण साधं नव्हतं. त्याची पोरगी लहानपणापासून फळ्यावरच्या ओळी करण्यात पटाईत. गावातल्या निम्म्या जावयांची टर तिनं उडवलेली. यवतमाळला नोकरीला लागली तरी कोणाचं लग्न निघालं की तिच्याकडूनच ओळी मागवायचे. स्वतःच्या लग्नाच्या ओळी तिनं म्हणे शाळेत असतानाच करून ठेवलेल्या. त्यात तिचे होणारे सासरे आमच्याच शाळेतले, वसतिगृहात राहिलेले, आमच्या एक वर्ग मागे. सोयरीक जुळताना ते म्हणाले होते, “देणंघेणं काही नको. पण वऱ्हाड शाळेतच उतरलं पाहिजे. आठवीच्या त्या फळ्यावर मले एकदाही उत्तर लिहिता आलं नाही. एक डाव लिहून पाहतो.” मित्रानं भर बैठकीत शब्द दिला होता.

“तू पेपरात लिहीत असते ना,” मित्र म्हणाला. माझं पेपरातलं लिखाण म्हणजे एसटी वेळेवर येत नाही याबद्दलची दोन पत्रं, आणि त्यानंतर ती आणखी उशिरा यायला लागली. “मंग आपल्या शाळेचा इतिहास लिही. जुन्या वास्तूले कोणी हात लावत नाई. पण चांगली जुनी दाखव.”

“किती जुनी?”

“शेजारच्याहून जुनी!”

मी आधी इमानदारीनं सुरुवात केली. गावातल्या म्हाताऱ्यांकडे गेलो. एक म्हणाले, शाळा दुष्काळाच्या आधीची. दुसरे म्हणाले, दुष्काळाच्या नंतरची. तिसऱ्यांनी शाळेचं काहीच सांगितलं नाही, पण त्यांच्या मेलेल्या म्हशीबद्दल संध्याकाळपर्यंत सांगितलं. हे असं जमायचं नाही म्हणून मग इतिहास मी घरीच तयार केला.

त्यात एक गोरा साहेब घोड्यावरून येतो, वाट चुकतो, आमच्या गावात पाणी पितो आणि गुरं राखणाऱ्या एका पोराच्या हुशारीवर खूश होऊन इथे शाळा काढा असा हुकूम देतो. मग तांड्यावरच्या लोकांचे बैल पाठीवर साग लादून जंगलातून निघतात. चुना गुळाच्या पाण्यात आणि बेलफळात घोटतात. माझं लिहून होईपर्यंत मित्र शेजारी बसून होता. तो म्हणाला, “एकही लोखंडी खिळा वापरला नाई, असं टाक.” टाकलं. व्हरांड्यातल्या ठशापाशी येऊन पेन अडला. माझा पाय इतिहासात घुसवणं बरं दिसलं नसतं. तेव्हा लिहिलं: ‘हे पाऊल त्या अज्ञात कारागिराचं, ज्यानं घाम गाळून हे विद्यामंदिर उभारलं.’ हे वाचून मित्र इतका हसला की चहा त्याच्या नाकातून आला.

ग्रामसभेत सरपंचबाईंनी माझा इतिहास उभं राहून वाचला. बाई हुशार, गावची सून, सासऱ्याच्या नात्यानं मला मामाजी म्हणतात. लोकांनी माना डोलावल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या आज्यानं साहेबाच्या घोड्याला पाणी पाजलं होतं, असं दोन घरच्या लोकांनी सांगितलं, आणि घोडा एकच असल्यामुळे त्यांची तिथेच जुंपली. ठराव मागे पडला.

“मामाजी, हे मी वर पाठवते,” सरपंचबाई म्हणाल्या. “एवढी जुनी वास्तू आहे, तर दुरुस्ती तरी करून घेऊ.”

मी नम्रपणे हात जोडले. नम्रता दाखवायची संधी मला क्वचितच मिळते, त्यामुळे जरा जास्त वेळ जोडून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तर व्हरांड्यातल्या ठशावर हळदकुंकू आणि झेंडूची दोन फुलं! संध्याकाळी उदबत्ती. आणखी दोन दिवसांनी माझी बायको कोयरी घेऊन निघाली.

“कुठे?”

“त्या कारागिराच्या पावलाले कुंकू लावून येते. एवढी मेहनत केली बिचाऱ्यानं, कोणी नावबी विचारलं नाही.”

मी घरात मोजे घालायला सुरुवात केली. चैत्राचं ऊन, पत्रे तापलेले, आणि मी मोजे घालून पंख्याखाली. पायाला भेगा पडल्यात असं सांगितलं. तिनं गरम तेल करून आणलं. ते मी मोज्यावरूनच लावलं.

मग पंचायत समितीतून एक तरुण इंजिनिअर आला. माझा इतिहास त्याच्या हातात, आणि त्यावर लाल पेनाच्या रेघा. लेखक भेटावा म्हणून मला मुद्दाम बोलावणं आलं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

“हे तुम्हीच लिहिलं?”

“मीच.” छाती पुढे.

“बांधकाम चुन्याचं आहे, असं म्हणता.”

“गुळाच्या पाण्यातला चुना!”

“लोखंड अजिबात नाही?”

“खिळासुद्धा नाही!”

“मधल्या काळात दुरुस्ती, डागडुजी?”

“छे! साहेबानं बांधली तशीच्या तशी!”

त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “आणि हिच्यात तुम्ही लग्नाची माणसं झोपवता?”

तासाभरात दारावर लाल रंगात ‘धोकादायक इमारत, प्रवेश बंद’ अशी अक्षरं निघाली आणि खाली भलंमोठं कुलूप लटकलं. अक्षरं फार सुबक होती, एवढं म्हणायला पाहिजे.

मित्र वावरातून तसाच आला, पायाला माती, डोक्याला दुपट्टा.

“तूनं शाळा वाचवाले घेतली होती का मारायले?”

“तूच म्हणला होता जुनी दाखव.”

“जुनी म्हणलं होतं बे! मेलेली नव्हतं म्हणलं!”

“खिळ्याचं तूनं सांगतलं.”

“मी हजार गोठी सांगतो! तू कधी आयकलं काय माह्यं? नेमकं खिळ्याचंच काहून आयकलं?”

तो ओट्यावर बसला आणि पायाची माती नखानं खरवडायला लागला. मग म्हणाला, “व्याह्याचा फोन आलता सकाळी. जवाबाची तयारी करून राह्यलो म्हणे. खडूबी घेऊन ठेवला म्हणते त्यायनं.”

रविवारी पोरगी यवतमाळहून स्कूटीवर आली. घरी जायच्या आधी माझ्याकडे.

“काका, शाळेचं वय तुम्ही वाढवलं ना? आता कमी करा.”

“अवो पोरी, साऱ्या गावासमोर वाचलं ते. आता खोटं होतं म्हणून सांगू? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतात त्याच्यावर मी दोन ओळी करून देते तुम्हाले,” ती हसत म्हणाली. पण गाडीची किल्ली हातात फिरवत राहिली, आणि चहाला नको म्हणाली. ती पोरगी माझ्या घरी चहाला कधी नको म्हणाली नव्हती.

मी तालुक्याला इंजिनिअरकडे गेलो. सगळं खोटं आहे म्हणून सांगितलं.

“साहेब खोटा?”

“खोटा.”

“घोडा?”

“घोडापण.”

त्याला घोड्याचं वाईट वाटलेलं दिसलं. “काका, परवा तुम्ही खरं म्हणून सांगत होता, आज खोटं म्हणून सांगता. मी कोणत्या दिवशीचं धरू? जागेवर काही दाखवता येईल का? छप्पर नंतर झालं, फरशी नंतर झाली, असं काही?”

मी माझ्या बुटाकडे पाहिलं. दाखवण्यासारखी एकच वस्तू होती आणि ती मोज्यात होती.

तो आला तेव्हा व्हरांड्यापुढे बरंच गाव जमलं. ठशाभोवती आता विटांचा छोटा चौकोन झाला होता, आत फुलं, एक नारळ. बायका पुढे, त्यात माझी बायको सर्वांत पुढे. मी बूट काढला. मोजा काढला. बायका ओरडल्या.

“अवो, पाय कायले ठेवता तिथी!”

“मामाजी, पाप लागेल!” सरपंचबाई म्हणाल्या.

मी झेंडूची फुलं हळूच बाजूला केली आणि पाय ठेवला. पाय आता कितीतरी मोठा, टाच बाहेर राहिली, कडा जुळेनात. मागून कोणीतरी म्हणालं, “हा तर कोणाचाबी पाय असू शकते.” तेव्हा मित्र पुढे आला, उकिडवा बसला आणि आपल्या मातीच्या बोटानं सगळ्यांना दाखवायला लागला, “पाय नका पाहू. बोट पाहा. हे पाहा खालचं, अन् हे पाहा वरचं!” सिमेंटमध्ये दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. त्याच्यावर माझं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. मधे कुंकू.

मग माझ्या बायकोचा आवाज आला.

“म्हंजे एवढे दिवस मी या पायाले कुंकू लावून राह्यली?”

हशा असा उसळला की कवेलूवरचे पारवे उडाले. तो ओसरेपर्यंत ती माझ्याकडे नुसती पाहत होती. मग म्हणाली, “घरी चला. दुसरा पाय राह्यला ना पुजायचा.”

इंजिनिअरनं खाली वाकून सिमेंटवर टकटक केलं. “हे टाकलं, छप्पर बदललं, तेव्हा तुम्ही पाचवीत होता? आता वय काय तुमचं?”

मी सांगितलं.

“लग्नाच्या वेळचं नका सांगू,” बायको म्हणाली. “खरं सांगा. शाळेच्या भल्यासाठी तरी.”

मी खरं सांगितलं. इंजिनिअरनं बोटावर हिशेब केला आणि शिडी मागवली. वर चढून त्यानं खांब ठोकले, वासे ठोकले, एका वाशातून गंजका लोखंडी खिळा उपटला आणि खाली माझ्या हातात दिला. साग चांगला होता. पाचवीचा मागचा वर्ग मात्र उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लेला. तो बंद राहील, बाकीच्या खोल्या वापरा, असं त्यानं सांगितलं. दारावरची ती सुबक लाल अक्षरं थिनरनं घासून काढायचं काम कोणाकडे आलं, हे सांगायला नकोच.

मी घासत असताना सरपंचबाई येऊन उभ्या राहिल्या.

“मामाजी, मागची खोली पाडू अन् गाळे तिथीच काढू. समोरचं राहू दे. बायका आता इथी हात लावू देत नाहीत.”

“पण आता तर त्यायले माहीत आहे, माझा पाय आहे म्हणून!”

“म्हणतात, असू दे. सवय पडली.” मग जरा थांबून, “फक्त ठराव मांडू तेव्हा तुम्ही काही बोलू नका.”

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड शाळेत उतरलं. आठवीच्या फळ्यावर नवरीच्याच अक्षरात ओळी होत्या:

आले पाव्हणे शाळेमंदी, दप्तर कुठी गेलं?
नवरदेवाचं गणित सारं बकरीनं खाल्लं!

सकाळी मी आणि मित्र चुलीवरच्या चहाच्या गंजाशेजारी उभे होतो. साखरेचा डबा मित्राच्या काखेत. जवाब आल्याशिवाय तो डबा उघडणार नव्हता, सख्खा व्याही असला तरी. वर्गात व्याही एकटेच फळ्यापुढे उभे. नवं धोतर, हातात घरून आणलेला खडू. दारात वऱ्हाडाची गर्दी, कोणी म्हणतं ‘लवकर करा’, कोणी म्हणतं ‘साधा चहाच प्यावा लागते वाटते.’ त्यांनी एकदा लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. मला त्यांची पाठ दिसत होती आणि ती अगदी आठवीतल्या पोराची वाटत होती, मागे हेडमास्तर उभे असल्यासारखी. मित्राच्या काखेतला डबा घामानं घसरायला लागला.

मग ते बाजूला झाले.

गणित गेलं बकरीपोटी, इतिहास तुमचा खोटा;
देव म्हणून पुजला तुम्ही मास्तरमाऱ्याचा अंगठा!

वर्ग दणाणला. ‘मास्तरमाऱ्या’ हे माझं शाळेतलं नाव, कारण मास्तरांचा मार रोज कोणाला बसायचा हे वसतिगृहातल्या पोरांनाही माहीत होतं. एवढ्या वर्षांनी ते कोणाच्या ध्यानात असेल असं मला वाटलं नव्हतं. व्याही खडूचे हात धोतराला पुसत बाहेर आले, व्हरांड्यात थांबले, विटांच्या चौकोनाकडे वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले. खालच्या ठशाला की मला, ते मी अजून विचारलेलं नाही.

मित्रानं डबा उघडला आणि गंजात साखर अशी ओतली की चहाचा पाक झाला. सगळ्यांना कप गेले. माझा कप नवरी स्वतः घेऊन आली, हळदीचे हात, हातभर हिरवा चुडा. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. साखरेचा कणही नव्हता.

“काका,” ती म्हणाली, “जवाब माह्या सासऱ्यायनं देला. तुमचा अजून बाकी आहे.”

मी तो चहा तसाच प्यालो.